उतार

कुर्टीच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिल्या रात्री
ज्योत्स्नाच्या हातून रक्तदाबाची गोळी निसटली.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
गोळी थांबेना.
सोफ्याला वळसा घालून,
पत्ता आधीच ठाऊक असल्यासारखी,
देवघराखालच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

एकतीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली.
साखळीत साखळी ओढली,
सत्तरीत काजूच्या बागा पालथ्या घातल्या,
भावाभावांच्या भांडणात वीतभर जमीन
इकडची तिकडे होऊ दिली नाही.
आणि निवृत्तीचे पैसे ओतलेल्या
या सातशे चाळीस चौरस फुटांत
उतार कुठे आहे, ते मला गोळीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहाचं नाणं घेऊन गुडघ्यांवर बसलो.
टक्. टक्.
भरीव लादी मोजकं बोलते.
पोकळ लादी
खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही ऐकू जाईल अशी.
खडूने फुल्या मारत गेलो,
दिवेलागणीपर्यंत एकेचाळीस.
ज्योत्स्ना म्हणाली, राहू देत.
चवथीला माणसं आली तर रांगोळी म्हणून सांगू.

कंत्राटदार केरकर आले, बूट न काढता.
"काका, नवीन घर. हळूहळू बसेल."
मी विचारलं, घर की लादी?
"सगळंच बसतं," म्हणाले,
आणि फोन आला म्हणून जिन्यात गेले.
जिन्यातून खाली. फाटकातून बाहेर.

न्हाणीत पाणी जाळीकडे जात नाही,
उंबरठ्याशी येऊन उभं राहतं,
उधारी मागायला आल्यासारखं.
अंग पुसायच्या आधी लादी पुसायची
आणि पाण्याला रोज नव्याने वाट दाखवायची.

उपरोक्त विषयास अनुसरून चार पत्रं लिहिली.
पाचव्याला नकाशा जोडला.
पारदर्शक नळीत पाणी भरून, एक टोक ज्योत्स्नाकडे देऊन,
डोंगराच्या काढतात तशा
हॉलच्या समोच्च रेषा काढल्या.
शिखर: फ्रिजपाशी, अकरा मिलिमीटर.
दरी: देवघराखाली.
खाली सही. तारीख. उत्तर दिशेचा बाण.

रविवारी मल्लेश आला, कोप्पळचा.
हातात पांढऱ्या सिमेंटची पिशवी:
फटी भरून ये, एवढाच निरोप होता.
त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला.
मग नाणं न घेता, बोटाच्या पेराने
एकेक लादी वाजवत गेला.
"ही माझी नाही.
ही माझी नाही.
ही माझी, पण त्या दिवशी सिमेंट संपलं होतं.
ह्या सगळ्या माझ्या, साहेब. लाईट नव्हती.
मोबाईलच्या उजेडात लावल्या.
फुटामागे पैसे. सोमवारी वरचा मजला सुरू."

मी काही बोललो नाही.
केरीच्या वरच्या अंगाला, खूप वर्षांमागे,
माझाही उजेड असाच संपला होता.
शेवटची बस चुकू नये म्हणून
हद्दीचे शेवटचे दोन टप्पे
मी नजरेनेच मोजले
आणि वहीत आकडे लिहिले, नीट, शाईने.
हद्दीवर एक फणस होता.
तो कुणाच्या वाट्याला गेला
मी कधी विचारलं नाही.

मल्लेशने बारा लाद्या उखडून पुन्हा बसवल्या.
चहा दोनदा घेतला. जास्तीचे पैसे
आधी नको म्हणाला, मग घेतले.
नव्या लाद्या किंचित पिवळ्या.
तो रंग आता येत नाही, दुकानदार म्हणतो.

एकोणतीस फुल्या पुसून टाकल्या.
खडू गेला,
पण पायाला त्या जागा पाठ आहेत.
रात्री पाण्याला उठलो तर
आपसूक चुकवतो.
न्हाणीचं अजून तसंच.

आणि गोळी निसटली
तर ज्योत्स्ना आता शोधत नाही.
सावकाश देवघराशी जाते,
हात खाली धरते,
थांबते.