उणे सत्तावीस

पहिला पगार खात्यात पडला तो शुक्रवार,
केमियार्वीत उणे सत्तावीस.
साइटवरच्या खोपटात, कॉफीच्या सुट्टीत,
सगळ्यांनी मिळून माझी सोयरीक काढली.

"पिवळं घे," इल्पो म्हणाला,
"माझं ड्रिल छपरावरून दोनदा पडलंय,
दुसऱ्यांदा तर माझ्यासकट. अजून चालतंय."
"लाल," रैमो म्हणाला.
तो आठवड्याला तीन शब्द वापरतो,
त्यातला एक त्याने माझ्यावर खर्च केला.
ओस्मो हिरवट-निळ्याचा. तो दोघांकडे बघत होता,
जेवून उठलेल्याने पंगतीतल्या भांडणाकडे बघावं तसा.

"ड्रिल नाही गं निवडत तू, बॅटरी निवडतेस.
आज ड्रिल, उद्या करवत, परवा रंधा,
तेरवा खिळ्यांची बंदूक,
सगळ्यांच्या पोटात तोच ठोकळा जाणार.
एकदा घेतलं की पदरी पडलं, पवित्र झालं.
रंग बदलायचा म्हणजे अख्खं घर बदलणं."
ओस्मोने दोन्ही बदललंय,
एकाच वर्षी.

मला बाबांचं ड्रिल आठवलं. शेडमध्ये, खिळ्याला टांगलेलं, हिरवं.
त्याचा ठोकळा आता कुणीच बनवत नाही.
दर हिवाळ्यात एकदा मी त्याचं बटण दाबून बघते.
कशासाठी, कुणी विचारलेलं नाही अजून.

तौनो बोलला नाही.
त्याच्या कोटाच्या आत, लोकरी बनियनला लागून,
दोन बॅटऱ्या असतात.
बाहेर ठेवल्या तर दहा स्क्रूंत मान टाकतात.
खुडूक कोंबडीसारखा तो दिवसभर जपून चालतो,
वाकण्याआधी छातीवर हात ठेवतो.
परक्याला वाटावं, माणूस भाविक आहे.

त्याची पटाशी मी मागून घेतली.
पात्यावर कंपनीचं नाव होतं म्हणे,
अंगठा टेकतो नेमकं तिथंच.
चाळीस वर्षं अंगठा ते वाचत राहिला,
वाचून वाचून संपवलं.
आता एक उभी रेघ उरलीय,
कुठल्या अक्षराची, त्यालाही सांगता येत नाही.
"चांगली होती का कंपनी?"
"बुडाली," तौनो म्हणाला.
मग पटाशी परत घेऊन धार बघितली, नखावर.

शनिवारी सिस्कोच्या दुकानात
तिन्ही रंग भिंतीवर, हारीने.
व्होल्ट वाचले, टॉर्क वाचला, वॉरंटीची वर्षं मोजली.
प्रत्येक आकडा शेजारच्याहून मोठा.
सिस्को गल्ल्यामागून म्हणाली, "हातमोजे आणलेस?"
आणले होते. रेनडियरच्या कातड्याचे, आत लोकर.
"घाल. मग धर."

पिवळ्याच्या मुठीभोवती बोटं पुरेनात.
निळ्याचं उलट-सुलट फिरवायचं बटण
अंगठ्याला सापडेना.
लालचं सापडलं.

एवढंच. इतक्या वादात कुणीच काढलं नव्हतं हे कारण.
त्या बाकावर माझ्याएवढा हात
कुणाचाच नव्हता.

सोमवारी पेटी उघडली.
इल्पोने ड्रिल हातात घेऊन तोललं.
"पडेल तेव्हा बघू," म्हणाला.
रैमोने भुवई उचलली, शब्द वाचवला.
चार्जिंगच्या फळीवर मुंगीला जागा नव्हती.
तौनोने आपला चार्जर चार बोटं सरकवला
आणि कॉफी ओतायला गेला.

अकरा वाजता, तिसऱ्या ओंडक्यावर,
माझी नवीकोरी बॅटरी मेली.
तौनोने दुसऱ्या टोकावरून बघितलं.
स्वतःच्या कोटाची चेन उघडली,
आतला खिसा दाखवला, चेन लावली.

मी ठोकळा आत सारला.
तो बनियनच्या फटीतून थेट बरगडीला भिडला,
आणि मी किंचाळले,
असं की तळ्यापलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.

सगळे हसले. रैमोसुद्धा,
आणि हसता हसता म्हणाला,
"लाल."