वारा धरणारे

बाबांच्या बिल्ल्यावर छापलंय: इमारत अभियंता.
खरं तर ते वाऱ्याचे हिशेबनीस.
शिकागोत, नदीच्या वळणावर,
बावन्न मजली काचेच्या तळघरात बसून
कुठल्या मजल्याला किती गारवा पोचला
आणि कुणाची बाकी राहिली, ते बघतात.

काचेला बिजागरी नाही.
सदतिसाव्या मजल्यावरच्या मिस पेटिग्रू
(निवृत्त पोस्टवुमन, दोन्ही गुडघे नवे)
दर वसंतात विचारतात, खिडकी का उघडत नाही?
"तुमच्याच सुरक्षेसाठी," बाबा म्हणतात,
आणि घरी येऊन आपलं एकुलतं एक तावदान
मार्चच्या थंडीत सताड उघडं टाकतात.

आजोबा यझ्दचे गवंडी.
माती, गव्हाचं काड, पाणी; पायांनी तुडवायचं,
मग छपरावर उभा करायचा बादगीर,
वारा धरणारा मनोरा.
जागा ठरवायच्या आधी तीन दिवस
नुसते ओलं बोट वर करून बसायचे म्हणे.
गिऱ्हाईक वैतागायचं.

मी यझ्द पाहिलं एकदाच, नऊ वर्षांची असताना,
आणि हिरमुसले.
गल्लीला पाठ करून बसलेली घरं,
सगळी एकाच मातीची, खिडकी औषधालाही नाही.
दारावर मात्र ठोठवायला दोन गोष्टी:
जड दांडा पुरुषांसाठी, हलकी कडी बायकांसाठी,
म्हणजे आत आवाजावरूनच कळावं
कोण आलंय, कुणी उठायचं.
मी दोन्ही एकदम बडवल्या.
आतून आत्या ओरडली, "काय गं हे, वरात आली की काय?"

मग अंधारा बोळ. तो वळला,
आणि एकदम आभाळ. चौकोनी. खाली हौद,
हौदात तेच आभाळ, त्यात एक डाळिंब पडलेलं.
मी विचारलं, हे सगळं बाहेरून का दाखवत नाही?
आत्याला प्रश्नच कळला नाही.

बाबांपुढे हे काढलं की चिडतात.
"बादगिरातून धूळ यायची. कबुतरं यायची.
एकदा भाताच्या पातेल्यात चिमणी पडली, मेलेली.
माझा चिलर असलं काही करत नाही."
आत्यानंही आता बादगिराचं तोंड विटांनी बुजवलंय.
अंगणात कुलर आहे, तो रात्रभर खोकतो.

ऑगस्टात वीज गेली. एकोणीस तास.
काचेनं दिवसभर प्यायलेलं ऊन
रात्री आत ओकायला सुरुवात केली.
साडेअकराला बाबा जिना चढले, बावन्नही मजले,
बॅटरी दातांत धरून.
गच्चीचं दार उघडलं, बादली लावली.
उतरताना एकेका मजल्याचं दार उघडत आले,
शेवटी खालचं, रस्त्यावरचं.
मग पहिल्या पायरीवर उभं राहून
बोट चोखलं, वर धरलं.

काही नाही.

काही नाही.

मग कुणाच्या तरी पावतीचा कागद
सरकला, एक पायरी चढला.

उशा आल्या. वितळतं आइस्क्रीम आलं,
चमचा एकच.
एकोणिसाव्यावरचा वकील अनवाणी घोरत होता.
आठ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली दोन माणसं
एकमेकांना नावं सांगत होती, थोडी लाजत.
मिस पेटिग्रूंचा स्कार्फ
गच्चीकडे तोंड करून फडफडत होता.

सप्टेंबरात बाबांना लेखी ताकीद आली:
आगीची दारं उघडी ठेवल्याबद्दल.
"बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले,
"आग असती तर तोच जिना धुराडं झाला असता."
सही केली. कागद घडी घालून
आजोबांच्या फोटोमागे सरकवला.

परवा लिफ्टमध्ये मिस पेटिग्रूंनी विचारलं,
"त्या रात्री केलंत, त्याला काय म्हणतात?"
"बादगीर."
"बॅड गिअर?"
बाबा जरा थांबले. "तेच," म्हणाले, "तेच ते."

सदतिसावा आला, दार उघडलं.
दोघांपैकी कुणीच उतरलं नाही.