दुवा तुटण्याचे कारण

पीबल्सच्या वरच्या टेकडीवर आमचा पांढरा घुमट.
गावात कळलंय, इथे लेसर आहे;
पोरं रात्री कुंपणाशी येऊन उभी राहतात
हिरवी रेघ दिसेल म्हणून.
हा उजेड माणसाच्या डोळ्यांचा नाही,
तीनदा समजावलं.
तरी येतात, चिप्स खात.

रेडिओ ढगातून वाट काढतो, लेसर नाही काढत,
आणि हा तर स्कॉटलंड.
ऑगस्टपासून सत्तावन्न फेऱ्या, दुवा जुळला नऊदा.

आज अकरा सत्तेचाळीसला
ढगांना भोक पडलं,
चादरीला सिगरेटनं पडावं तसं.
बाहेर अ‍ॅलस्टर रॅन्किन खुर्ची टाकून बसलेला.
वय एकाहत्तर, आधी मेंढ्या राखायचा, आता आकाश.
विमान दिसलं की लाल बटण दाबायचं,
वैमानिकाच्या डोळ्यांत आमचा उजेड जाऊ नये.
त्यासाठी रडार आहे. तरी नियमात एक माणूस लागतोच,
थर्मास आणि दोन डोळे असलेला.

उपग्रह दिसतो तिथे नेम धरायचा नसतो.
आपला उजेड पोचेतो तो पन्नासेक मीटर पुढे गेलेला असतो,
म्हणून जिथे तो नाही तिकडे बघून बोलायचं.
मला हे जड गेलं नाही.
आईशी फोनवर मी असंच बोलते,
मला आठवते त्या बाईच्या जरा पुढे बघून.

आम्ही खालून दिवा दाखवला. त्यानं वरून ओळख दिली.
मधली हवा थरथरत होती, उकळत्या पातेल्यावरच्यासारखी;
आरसा सेकंदाला हजारदा अंग मुडपून
ती थरथर पुसत राहिला.
जुळलं.

निरोप काहीच नव्हता.
हे सांगितलं की लोकांना वाईट वाटतं.
एक, शून्य, शून्य, एक,
मुद्दाम अर्थ काढून घेतलेला चाचणीचा मजकूर,
शाबूत उतरतो का, एवढंच मोजायचं.
पुढे कधी याच वाटेनं वादळं येतील, जळणारी रानं येतील.
आज नुसतं, ऐकू येतंय का?

दोन मिनिटं अकरा सेकंद.
मग बटण.
झाकण पडलं, पडद्यावरची रेघ आडवी झाली.
मी तणतणत बाहेर: विमान कुठाय?
त्यानं बोट वर केलं.

आधी आवाज आला,
लांबून कुत्र्यांचं टोळकं भुंकत यावं तसा.
मग त्या भोकातून, चांदण्या झाकत, उघडत,
कलहंस. आइसलंडहून निघालेले,
पुढचा दमला की मागचा पुढे.

नियमात पक्षी नाहीत, मी म्हणाले.
डोळे आहेत ना त्यांना, तो म्हणाला,
आणि झाकणात चहा ओतला.
त्यांना काही झालं नसतं, बहुतेक.
गणित करून बघता आलं असतं.
केलं नाही.

ते गेले तोवर भोकही बुजलं.
उपग्रह नॉर्वेवर कुठेतरी, आमचा दिवा चाचपत.

नोंदवहीत रकाना असतो, दुवा तुटण्याचे कारण.
ढग. विमान. यांत्रिक बिघाड. इतर.
मी 'इतर' निवडलं.
पुढे चाळीस अक्षरांची जागा,
कर्सर लुकलुकत राहिला.
'कलहंस, दक्षिणेकडे', लिहिलं,
आणि किती होते ते विचारायला
परत बाहेर गेले.