कच्चा टाका

कुलरच्या स्टँडचा पाय फाल्गुनातच निखळला.
चैत्रभर विटांवर निभावलं.
मग मुंजानं चाकणहून पार्सल धाडलं:
लाल डबा, आत तारेचं रीळ, एक काळा मुखवटा.
फोनवर म्हणाला, 'आई, याला ग्यास लागत नाही,
घरच्या बोर्डावर चालतं.
तारेच्या पोटातच मसाला असतो.'
तिकडं त्याच्या कंपनीत हेच काम यंत्राचा हात करतो,
हा नुसता उभं राहून मोजतो.

रीळ मला नवं नाही.
तेवीस वर्षं झाली ब्लाऊज शिवतेय, परभणीत, वसमत रोडला.
पण पहिल्यांदा खटका दाबला
तर पंखा म्हातारा झाला,
ट्यूब मिचकली,
पलीकडून गुट्टेबाई ओरडल्या, 'कुणाची मोटार जळाली गं?'
आणि बोर्डातलं बटन खट्टकन खाली.

दुसऱ्यांदा तार लोखंडाला चिकटून बसली.
आत चाकापाशी गुंता,
बॉबिनखाली होतो तस्सा.
सवयीनं दात पुढं नेले, मग पक्कड शोधली.

तिसऱ्यांदा पाइपाला भोक.
लोखंडाला, मलमलीसारखं,
जरा जास्त वेळ थांबले म्हणून.

मुखवट्यातून काहीच दिसत नाही.
सुईत दोरा ओवायला आधी दिवा लागतो,
इथं आधी अंधारात टेकवायचं,
उजेड नंतर.
एकदा मुखवटा वर करून चोरून पाहिलं.
रात्रभर डोळ्यांत वाळू,
पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या,
आणि अंगावर उकाडा, कुलरशिवाय.

चौथ्या दिवशी मुक्तारभाई आले,
फॅब्रिकेशनवाले, बायकोचा ब्लाऊज न्यायला.
माझी शिवण पाहिली.
जशी काही कोंबडी फिरून गेलेली.
हसले नाहीत.
डब्याचं झाकण उघडलं, आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली.
'उलटं शिवत होता, भाभी.
या तारेला उलटंच सुलटं.
आणि पतल्या पाइपाला लांब शिवण नको,
कच्चा टाका मारा. थंड होऊ द्या. मग पुढचा.'
हा शब्द त्यांनी शिंप्यांकडून उचलला
की लोखंडाचा स्वतःचाच होता,
विचारायचं राहिलं.
ब्लाऊजचे पैसे मी घेतले नाहीत, ते ठेवून गेले.

रविवारी पहाटे पाचला,
गल्लीतल्या बोअर सुरू व्हायच्या आधी,
व्होल्टेज जरा माणसात असतं तेव्हा,
अंगणात बसले.
टाका.
थांब.
टाका.
थांब, अजून लाल आहे.
टाका.
कात्रीच्या मुठीनं काळा पापुद्रा ठोकला,
खाली बारीक चमकत्या गाठी,
काजाच्या कडेला असतात तशा. सगळ्या नाही. तीन-चार.

कुलर चढवला, तीस लिटर पाणी भरलं,
गुडघ्यानं ढकलून पाहिला.
राहिला.
पाय कणभर आखूड झालाय,
खाली अस्तराची घडी सारली.

मुंजाला फोटो पाठवला.
तासानं उत्तर आलं:
'आमच्या रोबोनं असा टाका मारला तर माल परत येतो.'
मी लिहिलं, 'तुमच्या रोबोला उकडत नाही.'

आत्ताच गुट्टेबाई येऊन गेल्या,
हातात फाटकाची तुटकी कडी.
म्हटलं, ठेवून जा,
आणि पहाटे पाचला पंखा बंद करा.