सहा पॉइंट

बेचाळीस वर्षं मी खिळे जुळवले
सेलूच्या स्टेशन रोडला, गोदावरी प्रेसमध्ये.
शिसं बोटांत मुरलं,
अक्षरं उलटी वाचायची सवय लागली ती अजून आहे.

लग्नपत्रिका हा आमचा खरा धंदा.
नवरदेवाचं नाव छत्तीस पॉइंटात, वेलबुट्टीसकट,
आणि ज्यानं मांडवाचा खर्च उचलला
तो मामा तळाला, सहा पॉइंटात,
आपला नम्र म्हणून उभा.

त्यामुळंच असेल,
अनुसयेच्या बीपीच्या पाकिटावर
माझी नजर आधी तळाला गेली.
वर कंपनीनं ठेवलेलं नाव, लाल, ठसठशीत,
पंधरा गोळ्या, एकशे अठरा रुपये.
खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत
तिचं पाळण्यातलं नाव.
चष्मा कपाळावर सारला, पाकीट नाकाला लावलं
आणि एकेक अक्षर उचललं, प्रूफ तपासल्यासारखं.
टेल्मिसार्टन.

डॉक्टर काबरांना विचारलं,
तळाचं नाव तेवढं लिहून देता का?
त्यांचं पेन थांबलं.
भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघितलं,
मग माझ्या चपलांकडं.
लिहिलं. सुटं सुटं, शाळेतल्यासारखं.
बावीस वर्षांत त्यांचं अक्षर मला पहिल्यांदा लागलं.

परभणीला दवाखान्याच्या दाराशी
स्वस्त औषधाचं दुकान आहे.
दहा गोळ्या, बारा रुपये.
एसटीचं हाफ तिकीट जाऊन-येऊन,
स्टँडवरचा चहा,
सगळं वजा केलं तरी महिन्याला सव्वाशेच्या आसपास उरत होते.
वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

अनुसया म्हणाली,
"बारा रुपयाला धा? लिमलेटच्या हायत का?
लागू कामून पडतील?"
म्हटलं, कंटेंट तोच आहे.
"कंटेंट मंजी?"
मंजी मामा.
ती हसली नाही.
मी नाव फोडून सांगितलं, टेल, मि, सार, टन.
"तेल, मिसरी?
गोळी आनली का किराना?"

महिना संपला. एकतीसचा होता.
तीस आणल्या होत्या, म्हणजे एक कमीच पडायला हवी.
डब्यात चौदा.
पुन्हा मोजल्या.
प्रूफात एखादी वेलांटी जास्त निघते,
इथं अर्धा फर्माच जास्त होता.

"दिसाआड घेते," ती म्हणाली,
हात परातीतच होता.
"महाग होती तवापासून.
डोस्कं लईच ठणकलं तर सलग."
आणि पाकीट इतके दिवस पुरतं म्हणून
मी स्वतःला काटकसरी समजत आलो.
माझ्या वहीत ती
कुठल्याच पॉइंटात नव्हती.

त्या रात्री बोललो नाही.
बॉलपेन घेऊन बसलो
आणि पाकिटांच्या पाठीवर, चंदेरी पत्रा फाटणार नाही अशा बेतानं,
प्रत्येक गोळीमागं तारीख लिहिली.
हात थरथरतो आता.
नऊचा आकडा दोनदा बिघडला.

पुढच्या महिन्यात ती एकटीच गेली.
मला दुसऱ्या दिवशी दुकानातल्या निलोफरचा फोन,
काका, मावशी म्हणाल्या, तेलमिसरी द्या, चाळीसची.
मला वाटलं, चाळीस रुपयांची.
मग कळलं.
रांगेतली एक बाई म्हणाली, मला बी तीच हाय, तेलमिसरी.

संध्याकाळी अनुसयेनं वही पुढं सरकवली.
तिकीट लिही.
गोळ्या लिही, चार पाकिटं, महिन्याचा भरवसा नाही.
चहा लिही. धा रुपये.
मी विचारलं, चहा कोणाच्या नावावर?
"ज्यानं पिला त्याच्या."