दोनशे एकतीस फूट

टिपणीस सरांनी वर्तमानपत्राची घडी
चार वेळा उलगडली, चार वेळा मिटली,
मग चित्रकलेचा तास सोडून
आम्हाला मैदानात नेलं.
हातात दोरी, चुन्याची बादली,
कानावर खडू, सुताराच्या पेन्सिलीसारखा.

"मुंबईला उतरलंय," म्हणाले, "जंबो.
लांबी दोनशे एकतीस फूट.
नुसतं ऐकून काय कळणार?"

एकाहत्तरचा उन्हाळा. बडोदं भाजत होतं.
नाक झेंड्याच्या खांबापाशी काढलं,
शेपूट पाण्याच्या टाकीला जाऊन टेकलं,
उजवा पंख बसला कसाबसा,
डावा मात्र भिंतीवर आदळला.
सर थांबले नाहीत. बादलीसकट भिंत चढले.
पलीकडे डाह्याभाईची चक्की,
आम्ही वरून वाकून पाहिलं तर
रेघ दळणाच्या डब्यांमधून चालली होती.
शेवटचे नऊ फूट
चुन्याचे की तांदळाच्या पिठाचे
हे अजून कुणाला सांगता येणार नाही.

मग माणसं.
तीनशे अठ्ठेचाळीस लागतात, सर म्हणाले.
शाळा पुरी तीनशेचीही नव्हती.
शिपाई धोंडिबा आला, कैऱ्या विकणारी मणीबेन आली,
चक्कीवरची गिऱ्हाइकं डोक्यावर डबे घेऊन आली,
एक टांगेवाला घोडा बांधून आला.
तरी अठरा जागा राहिल्या.
तिथे दप्तरं ठेवली.

नऊ-नऊच्या रांगा, मधून दोन बोळ.
"विमानात बोळ?" रसिक ठक्कर हसला.
"दोन," सर म्हणाले, "आणि बारा संडास."
त्यावर कुणीच हसलं नाही.
आमच्या शाळेत दोन होते, एकाला कुलूप.

वरच्या मजल्याला गोल जिना असतो.
सरांनी तो जिलबीसारखा काढला
आणि सुर्वे बाईंना तिथे खुर्ची दिली.
बाई पदर सावरून बसल्या
आणि आमच्याकडे खाली पाहिलं,
जमीन एकच होती तरी.

कुमुद शितोळे पंखाजवळच्या खिडकीत.
"सर, इथून काय दिसतं?"
सर रविवारी सायकलनं हरणीला जात,
तारेच्या कुंपणाबाहेरून डाकोटा बघत.
आत कधी बसले नव्हते.
थोडा वेळ हातावरचा चुना झटकत राहिले.
"ढगांची पाठ," म्हणाले.
"आपल्याला रोज पोटच दिसतं."

घंटा झाली. विमान पाणी प्यायला पळालं.
संध्याकाळी म्हशी आडव्या गेल्या मैदानातून,
जिना त्यांच्या खुरांना लागून
गल्लीत कुठवर गेला कोण जाणे.
कुमुद तेवढी बसून होती
मणीबेनची टोपली आवरून होईपर्यंत.

तिचं पत्र आलं नऊ वर्षांनी, कुवेतहून.
नर्स झाली होती. हवापाणी, पगार, आईचा दमा,
आणि अगदी कडेला, शाई संपत आलेली:
सरांना सांग, पाठबीठ काही नाही,
रात्रीचं विमान होतं, माझाच चेहरा दिसला काचेत.

मी सांगितलं नाही.

आता ती विमानं मोडीत निघतात म्हणे,
कुठल्याशा वाळवंटात रांगेनं उभी,
इंजिनं काढून नेलेली.
इथे मैदानात शाळेच्या व्हॅन लागतात.
परवा खांबापासून टाकीपर्यंत चालत गेलो.
तेव्हा एकशे पंधरा पावलं भरायची माझी,
मधे, ऐन उमेदीत, नव्वद.
परवा पुन्हा एकशे पंधरा.

चक्कीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.
भिंतीशी वाकलेला मला बघून पोरगा बाहेर आला,
"काका, कंई खोवायुं?"

"पंख," मी म्हणालो.

"पंखो? ए तो बाजुवाळाने त्यां मळे."