रिपीट

सत्तर फूट रोडच्या दुभाजकावर कण्हेर आहे,
शेळीसुद्धा तोंड लावत नाही तिला.
कारखान्यात विड्या टाकून परतताना
तिथून आणली मी ती अळी,
अव्वाच्या रिकाम्या टोपलीतून.

बोटाएवढी. हिरवी. शेपटाशी एक आखूड शिंग.
हात लावला की डोकं आत ओढायची
आणि मानेवर टम्म फुगायचे दोन निळे डोळे,
पांढऱ्या कडांचे.
नायना चष्मा वर करून म्हणाले,
डोळे नाहीत की ते, नुसतं छापलंय.

एका रात्री लाईट गेली,
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली ती जेवताना.
विषाचं पान, करकर करकर.

मग पाठ काळवंडली. खाणं सोडून
बरणीच्या काचेवर चकरा मारू लागली.
मेली ही, म्हणाली अव्वा.
मी तळाशी पालापाचोळा टाकला.
त्यात चार धागे ओढून घर केलं तिनं,
इतकं विरळ, की नायना हसले:
असलं कापड मी चाळीस वर्षांत
एकदाही पास केलं नसतं.

आत तपकिरी कोश,
कुशीला काळ्या ठिपक्यांची रांग,
जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर मारलेली भोकं जशी.
श्वास तिथूनच.

चौदाव्या रात्री तो निघाला.
पंख म्हणजे पिळून ठेवलेलं ओलं फडकं.
काडीला लोंबकळत राहिला,
आणि आतूनच कुणी इस्त्री फिरवावी
तसे ते सपाट झाले.

खोकल्यानं जागे होते नायना.
त्यांनी पेटीतून जुना ग्राफ काढला.
शेवाळी, त्यात गुलाबी पट्टा,
जांभळट कोपरा, मुळाशी एक काळा ठिपका.
एकेक चौकोन भरत गेले,
इथून इथवर, मग पुन्हा पहिल्यापासून,
चादरीला ते लागतंच.

साडेतीनला पेन्सिल ठेवली.
रिपीट सापडत नाही गं, म्हणाले,
एकदाच आहे हे.

तो थरथरायला लागला,
थंड इंजिन तापवावं तसा, बराच वेळ.
आणि मग कुरापाटींच्या गच्चीवरच्या जाईपुढे
न बसता, हवेतच उभा,
सोंड लांब सोडून.

ग्राफवर एकच पंख. तोही अर्धा.
दुसरा काढायला नको,
तो उलटा असतो फक्त, म्हणाले नायना.
चहा टाक.